उजव्या लेनचे वतनदार

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या प्रवासात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ‘कारला मर्यादा ताशी १०० किलोमीटरची. मी बरोबर १०० वर आहे. मला ओलांडणारा कायदा मोडणार; मग मी त्याला साइड का देऊ?’ असं म्हणणारे बहुधा सभ्य, पट्टा लावणारे, चालवताना फोन न घेणारे लोक असतात. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. झिंगून गाडी हाकणाऱ्याशी काय बोलायचं?

मुळात उजवी लेन वेगाची नाहीच, ओव्हरटेकची आहे. डावी अवजड वाहनांची, मधली कारची आणि उजवी पुढं काढण्यापुरती. काम झालं की मधल्या लेनमध्ये परत. आणि काट्यावरचे १०० खरे १०० असतातच असं नाही. स्पीडोमीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतो. मागचा नियम मोडत असेल तर त्याला टिपायला कॅमेरे आहेत. तुम्हाला वर्दी कुणी दिली?

खरा घोळ त्यानंतरचा. साइड न मिळालेला माणूस मागं थांबत नाही, डावीकडून घुसतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून ट्रकची आंधळी बाजू डावी. केबिनच्या डाव्या अंगाला चिकटून धावणारी छोटी कार त्याला दिसतही नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी तो आपली लेन धरायला डावीकडे सरकू लागतो. या धडकेची बातमी होते तेव्हा दोष घुसणाऱ्याला मिळतो, तो योग्यच. पण उजवी लेन अडवून बसलेले वतनदार तोवर टोलनाका ओलांडून गेलेले असतात.

‘आधी ट्रकवाल्यांना शिकवा!’ मान्य. ५५ च्या ट्रकला ६० चा ट्रक ओलांडतो तेव्हा फरक सेकंदाला दीड मीटरही नसतो. दोघांची लांबी आणि आगेमागे सोडायचं अंतर धरलं, तर चाळीसेक सेकंद आणि सहाशे-सातशे मीटर रस्ता त्यातच जातो. बोरघाटाच्या चढावर तर विचारूच नका. तेवढ्यासाठी त्यानं मागच्या रांगेला कोंडू नये. पण तो निदान कुणाला तरी ओलांडत असतो! समोर मैदान मोकळं असताना उजवीकडे ठाण मांडणाऱ्या कारवाल्यानं त्याचा दाखला देऊ नये.

दुसरा लाडका युक्तिवाद इंडिकेटरचा: ‘दिला की मागचा वेग वाढवून जागा बंद करतो.’ करतो खरा. पण तो जागा देणार नाही हे स्टिअरिंग वळवण्याआधी कळलं, यात तुमचं नुकसान काय? १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. तीन सेकंद आधी दिलेला इंडिकेटर म्हणजे ऐंशी मीटरहून जास्त रस्त्याची आगाऊ सूचना. त्याआधी आतला आरसा, मग बाहेरचा, मग खांद्यावरून एक झटपट नजर. मान वळवणं नवशिक्याचं लक्षण मानणारे बहाद्दर आहेत. डावा बहिर्गोल आरसा मागची गाडी असते त्याहून दूर दाखवतो, हे त्यांच्या गावी नसतं.

आणि ओव्हरटेकनंतर डावीकडे येताना थोडी कळ काढावी. ओलांडलेल्या ट्रकचं पुरतं तोंड आतल्या आरशात दिसू द्यावं. त्याआधीच कट मारलात तर ब्रेक त्याला दाबावा लागतो, आणि पंचवीस टनांचा ट्रक कारच्या अंतरात थांबत नाही.