तयार प्रोजेक्ट विकत घेऊ नका, विकू नका

सूर्यमाळ, खोडाळा आणि एकूणच जव्हार-मोखाड्यातले विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि झेरॉक्स-टायपिंगवाले यांच्यासाठी.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाच्या कामाचेही क्रेडिट मिळतात. सबमिशन वाढलं, तशी तयार प्रोजेक्टची विक्रीही सोपी झाली. पहिल्या पानावर नाव बदला, स्पायरल मारा, द्या. मोखाड्याच्या पोरानं पाणीटंचाईवर भलत्याच जिल्ह्याचा अहवाल स्वतःच्या नावानं द्यावा, याला काय म्हणायचं? मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळ्याला आहे आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. एवढा विषय दारात असताना!

कायदा येऊन हे थांबवेल, या भरवशावर राहू नका. राज्याचा १९८२ चा कायदा परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार साठ टक्क्यांहून जास्त उचलेगिरी आढळली तर संशोधकाची नोंदणीच रद्द होते. पण त्याच नियमांतून स्वाध्याय, निबंध आणि प्रकल्प अहवाल वगळले आहेत. म्हणजे पीएच.डी.वाला अडकतो, बी.ए.च्या पोराला प्रोजेक्ट विकणारा मोकळा. आयर्लंडने २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये असं लिखाण विकणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. आमचाही राग पोरांवर नाही.

पोरं विकत का घेतात, ते आपण जाणतो. दिवाळीनंतर घर वीटभट्टीवर जातं, पोरगं सुट्टीत मजुरीला. एसटी चुकली की दिवस गेला. घरात वारली नाहीतर कोकणी बोलायची आणि अहवाल मात्र पुस्तकी मराठीत लिहायचा, या धास्तीनंच निम्मे जण दुकान गाठतात. म्हणून शिक्षकांना विनंती: भाषेचे गुण कापू नका. साधी, मोडकी, पण स्वतःची चार पानं घ्या आणि पाच मिनिटं तोंडी विचारा. कोणाला भेटलास? कुठल्या पाड्यावर? विकतचा अहवाल तिथंच उघडा पडतो.

विद्यार्थ्यांनो, राब भाजणं कोणी सोडलं आणि का, नागली-वरईचं बियाणं कोणाकडे उरलंय, कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, हे विचारत फिरा. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा वाजवतात हे ठाऊक असतं, पण भोपळ्यापासून तो बनतो कसा, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनीही पोरगं वही घेऊन आलं तर त्याला बसवून घ्यावं, उद्या ये म्हणू नये.

दुकानदार बंधूंनो, टायपिंग करा, झेरॉक्स काढा, बाइंडिंग करा. तो तुमचा कष्टाचा धंदा. तयार अहवालांची फाइल तेवढी कॉम्प्युटरवरून काढून टाका. आपला भाग पेसा कायद्याच्या क्षेत्रात आहे, ग्रामसभेच्या शब्दाला इथं वजन आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारं मूल आहे, त्यांनी तिथं आवर्जून यावं.

– सूर्यमाळ परिसरातील काही पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी