विश्लेषण : ‘एजीआय’ आले, हे ठरवणार कोण?

यंत्र माणसाइतके हुशार कधी होणार, याची भाकिते रोज होतात. पण ‘माणसाइतके हुशार’ म्हणजे नेमके काय, यावर तज्ज्ञांचेच एकमत नाही. हा वाद आता अभ्यासकांपुरता उरलेला नाही. अब्जावधी डॉलरचे व्यवहार त्यावर अवलंबून आहेत.

एजीआय म्हणजे काय?

‘आर्टिफिशियल जनरल इंटेलिजन्स’ म्हणजे सर्वसाधारण कृत्रिम बुद्धिमत्ता. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हला हरवले, पण त्याला बुद्धिबळाखेरीज काहीच येत नव्हते. एजीआयकडून अपेक्षा आहे ती कोणतेही नवे काम शिकून घेण्याची.

मतभेद कशावर?

‘ओपनएआय’च्या २०१८ मधील सनदेनुसार, आर्थिक मोल असलेल्या बहुतांश कामांत माणसाला मागे टाकणारी स्वायत्त प्रणाली म्हणजे एजीआय. संशोधक फ्रान्स्वा शोले यांची कसोटी वेगळी आहे. किती कामे येतात यापेक्षा नवे काम किती सहज शिकता येते, ते पाहा, असे ते म्हणतात. त्यांनी तयार केलेल्या रंगीत चौकोनांच्या कोड्यांत डिसेंबर २०२४ मध्ये ओपनएआयच्या ‘ओ३’ने ७५ टक्क्यांहून अधिक गुण मिळवले. मार्च २०२५ मध्ये अधिक अवघड कोडी आली, तेव्हा आघाडीची मॉडेल्स एक आकडी गुणांवरच अडली.

पैशाचा संबंध काय?

मायक्रोसॉफ्टबरोबरच्या मूळ करारानुसार, एजीआय साध्य झाल्याचे ओपनएआयच्या संचालक मंडळाने ठरवले, की त्यापुढील तंत्रज्ञानावरचा मायक्रोसॉफ्टचा हक्क संपणार होता. १०० अब्ज डॉलरच्या नफ्याशी एजीआयची सांगड घातल्याचे वृत्तही २०२४ च्या अखेरीस आले. ऑक्टोबर २०२५ च्या करारात मात्र अशा घोषणेची पडताळणी स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीने करावी, असे ठरले.

सामान्यांनी काळजी का करावी?

समिती नेमणे स्वागतार्हच, पण तीही दोन कंपन्यांच्या आपसातील करारातून आलेली. ज्यांच्या नोकऱ्यांवर गदा येऊ शकते, त्यांना यात आवाज नाही. शिवाय बुद्धीचे माप ‘आर्थिक मोल’ हेच धरले, तर घरातल्या आजाऱ्याची बिनपगारी शुश्रूषा हिशेबातच येत नाही. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढायची आणि निकालही लावायचा, हे शाळेतही चालत नाही. म्हणूनच ‘एजीआय आले’ अशी घोषणा होईल, तेव्हा पहिला प्रश्न हवा : कोणाच्या व्याख्येनुसार?