डब्यातली नाणी: परिग्रह की अभ्यास?



पर्युषण झाले, क्षमावाणी झाली. आता घरोघरी दिवाळीची आवराआवर सुरू होईल. ट्रंका उघडतील, पितळी डबे खाली उतरतील आणि त्यांतून जुनी नाणी बाहेर येतील. त्यातली काही घासून चकचकीत होतील, काही सराफाकडे मोडीत जातील. त्याआधी हे लिहिते आहे.

जुनी नाणी जमवणे हा आपल्याकडे पुरुषांचा छंद समजला जातो. प्रदर्शनाला ते जातात, अल्बम ते भरतात. पण नाणी असतात कुठे? देवघराच्या खालच्या कप्प्यात, सासूबाईंच्या बटव्यात, गळ्यातल्या माळेत. किल्ली आपल्या कमरेला आणि माहिती मात्र दुसऱ्याकडे! माझे मत असे, की हा छंद बायकांनी करावा, मर्यादा घालून करावा आणि वही ठेवून करावा. वही नसेल तर तो संग्रह नव्हे, नुसता साठा.

मंडळात हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "अहो, हा परिग्रह नाही का?" प्रश्न अगदी योग्य आहे. दशलक्षणात आपण उत्तम आकिंचन्य ऐकतो आणि घरी येऊन नाणी मोजत बसतो, हे कसे चालेल? पण श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रहाच्या परिमाणाचे आहे. गृहस्थाला सगळे टाकून द्या असे सांगितलेले नाही, सीमा आखायला सांगितले आहे. आणि शास्त्रकारांचा रोख वस्तूपेक्षा तिच्यावरच्या आसक्तीवर आहे. तेव्हा डब्यात नाणी किती, एवढेच विचारून भागत नाही. ती हातची गेली तर मला काय वाटेल आणि ती असताना मी त्यांच्याकडून काय शिकले, हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

आपल्यातल्याच एका श्रावकाचे उदाहरण देते. ठक्कुर फेरू हा श्रीमाळ कुळातला जैन गृहस्थ दिल्लीच्या सुलतानांच्या टांकसाळीत अधिकारी होता. त्याने १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात दोनशेहून जास्त प्रकारच्या नाण्यांची माहिती आहे: वजन किती, सोने-चांदी किती, कोणत्या नाण्याच्या बदल्यात काय मिळते. आज मध्ययुगीन नाण्यांचे अभ्यासक हा ग्रंथ आधाराला घेतात. फेरूच्या हाताखालून गेलेली नाणी कधीच आटली असतील, पण त्याने लिहून ठेवले ते सातशे वर्षे टिकले. मी वहीचा आग्रह धरते तो यासाठीच.

आता आपल्या गळ्याकडे येऊ. पुतळ्यांची माळ आपल्याला अगदी मराठमोळी वाटते. पण मूळची पुतळी हे परदेशी नाणे होते, इटलीतल्या व्हेनिसचे. व्हेनिसने १२८४ मध्ये डुकाट नावाचे सोन्याचे नाणे काढले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. नेपोलियनने १७९७ मध्ये ते राज्य संपवले, तोवर पाचशेहून जास्त वर्षे या नाण्याचे वजन आणि टंच जवळजवळ तसेच राहिले. चित्रही फारसे बदलले नाही. असा भरवसा असल्यावर व्यापारी दुसरे नाणे कशाला मागतील? मसाला आणि कापडाच्या मोबदल्यात ही नाणी तांबड्या समुद्राच्या वाटेने आपल्याकडे आली. एका बाजूला संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून ध्वज घेणारा व्हेनिसचा राज्यप्रमुख. आपल्या लोकांना त्या दोन आकृत्यांत राम-सीता दिसल्या! आकृत्या म्हणजे पुतळ्या, म्हणून नाणे पुतळी. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे, तिच्यातही पुतळ्या आहेत. पुढे इथल्या सोनारांनी त्यांच्या नकला केल्या. त्यांत कडेची लॅटिन अक्षरे नुसत्या रेघोट्या होऊन गेल्या. आज मिळतात त्या पुतळ्या दागिना म्हणूनच घडवलेल्या असतात.

तेव्हा पणजीची माळ मोडायला नेण्याआधी एकदा भिंग घेऊन बघा. कडेला वाचता येतील अशी रोमन अक्षरे आहेत का? मध्ये ध्वजाची काठी आणि शेजारी वाकलेली आकृती आहे का? असली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय मोड घालू नका. सराफ वजन करील, घट धरील आणि सोन्याचा भाव देईल. त्याचा व्यवहार चोख असेल, पण पाचशे वर्षांच्या इतिहासाचे वजन त्याच्या काट्यावर होत नाही.

गिनीचेही तसेच. आपण जिला गिनी म्हणतो ती बहुतेक वेळा सॉव्हरिन असते. खरी गिनी २१ शिलिंगांची, ती १८१४ नंतर पाडली गेली नाही. सॉव्हरिन २० शिलिंगांचे, १८१७ पासूनचे. त्याचे वजन ७.९८ ग्रॅम, सोने २२ कॅरट, म्हणजे शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला बहुधा घोड्यावर बसून राक्षसी सापाला मारणारा संत जॉर्ज. घोड्याखाली जमिनीची रेघ असते, तिथे सालाच्या वर एखादे बारीक अक्षर दिसते का पाहा. 'एम' असेल तर नाणे मेलबर्नचे, 'एस' म्हणजे सिडनीचे, 'पी' म्हणजे पर्थचे. आणि १९१८ साल असून 'आय' असेल तर ते आपल्या मुंबईत पाडलेले! मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन फक्त त्या एका वर्षी निघाले, सुमारे १३ लाख. एका बारीक अक्षरावरून आजेसासूंची गिनी कुठे जन्मली ते कळते. ही मौज मला तिच्या भावापेक्षा मोठी वाटते.

नाण्यावरचे साल मात्र डोळे झाकून खरे मानू नये. राणीछाप रुपयांपैकी १८६२ साल असलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत त्याच सालाने निघत होते. ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली, पण तिच्या चित्राचे चांदीचे थेलर नाणे तेच साल घालून पुढेही पाडत राहिले. कारण अरबस्तान आणि इथिओपियाचे व्यापारी दुसरे नाणे घेतच ना. १९४०-४१ मध्ये तर ते मुंबईतही पाडले गेले. कॉमर्सच्या वर्गात आम्हाला शिकवले होते, पैसा म्हणजे विश्वास. त्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

पदकांबद्दल माझे मत वेगळे आहे. पदके विकत घेऊन जमवू नयेत. नाणे हजार हातांतून फिरण्यासाठीच जन्मते, पदक एकाच माणसाचे असते. पहिल्या महायुद्धात आपल्या शिपायांना ब्रिटिशांनी चांदीचे युद्धपदक दिले. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. इराकमधल्या कुत येथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तिथून परत न आलेल्या एखाद्याचे पदक त्याच्या घरी आले असेल आणि पुढे अडीअडचणीत गहाण पडले असेल. आपल्यातल्या कितीतरी घरांत पूर्वी सावकारी होती. गहाण पडलेली वस्तू सोडवायला कोणी आले नाही, तर ती तशीच राहिली. असे पदक डब्यात निघाले तर चांदी म्हणून आटवू नका. कडेचे नाव लिहून घ्या, फोटो काढा, त्या पलटणीच्या माजी सैनिकांकडे किंवा जवळच्या गावांत चौकशी करा. वारस सापडला तर देऊन टाका. युद्धाचा गौरव म्हणून नव्हे, कोणाच्या तरी पणजोबांचे नाव आपल्या ट्रंकेत अडकून पडू नये म्हणून. आकिंचन्याचा याहून सोपा पाठ कुठला?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

जुने नाणे घासू नका. चिंच, रांगोळी, भांड्यांची पावडर, काहीही नको. नाण्यावर चढलेली काळसर झाक त्याचे वय सांगते. ती गेली की बारीक अक्षरेही झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही उतरते. पूजेसाठी चकचकीत हवे असेल तर नवे चांदीचे नाणे घ्या. जुने नाणे कडेला धरून उचला आणि प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा.

जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, असा फोन आला तर ठेवून द्या. आमच्या मंडळातल्या एका भगिनीकडे आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे. विकणाऱ्याकडून पैसे घेणारा खरेदीदार कोणत्या बाजारात असतो? रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल सावध केले होते.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाच्या बॅगेत प्रेमाने राणीछाप रुपये घालाल तर विमानतळावर अडचण होईल. जमिनीत पुरलेले धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्याचे महत्त्व नाशिकजवळच्या जोगलटेंभीत दिसले. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला जिंकले, हे त्या ढिगाने सांगितले. तीच नाणी चार सोनारांकडे वाटली गेली असती तर चांदी उरली असती, इतिहास उरला नसता.

ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी खर्चात पडू नये. भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकाचे पाच रुपयांचे नाणे २००१ मध्ये निघाले होते. ते घरातच सापडेल. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे, नातवंडांना घेऊन जा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथली जुनी जैन मंदिरेही त्याच फेरीत पाहून होतील.

मी स्वतः ५१ नाण्यांची मर्यादा घालून घेतली आहे. नवे आले की एक देऊन टाकायचे, बहुधा पाठशाळेतल्या एखाद्या मुलाला. वहीत प्रत्येक नाण्यासमोर पाच रकाने: कुठले, कोणत्या धातूचे, वजन, कोणाकडून आले आणि माझ्यामागे कोणाला द्यायचे. शेवटचा रकाना पहिल्याच दिवशी भरायचा. तो भरताना मन किती खळखळ करते, यावरून आसक्ती किती ते कळते.

या दिवाळीत डबा उतरवाल तेव्हा घासायची पावडर बाजूला ठेवा आणि वही घ्या. पहिल्या पानावर सासूबाईंचे किंवा आईचे नाव लिहा आणि एका नाण्याची नोंद करा. माळ निघाली, गिनी निघाली, पदक निघाले तर मला जरूर कळवा.

जय जिनेन्द्र.