कापूस पाटोद्याचा, शर्ट ढाक्याचा

पाटोद्यात कपाशीचा विषय निघाला की हल्ली दोन पक्ष पडतात. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्राने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. नेमकी आपली वेचणीची वेळ. शेतकरी म्हणतो, आमचा भाव पाडला. गिरणीवाले तेव्हा म्हणत होते, अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ लावलाय, कच्चा माल तरी स्वस्त मिळू द्या. मला दोघांचंही पटतं. भांडण मात्र चुकीच्या जागी चाललंय.

बांगलादेशकडे बघा. तिथे कापूस जवळजवळ पिकत नाही, तरी तयार कपड्यांची त्यांची निर्यात आपल्या दुपटीहून जास्त. मजुरी स्वस्त म्हणून? ऊसतोडीला निघणाऱ्या आपल्या तालुक्यात मजुरी कुठे महाग आहे! युरोपात त्यांना शुल्कमाफी मिळते, हे खरं. पण घरचं धोरणही तितकंच महत्त्वाचं. १९८० च्या दशकापासून तिथल्या निर्यातदाराला बाँडेड गोदामात शुल्काविना कापड आणता येतं. परदेशी ऑर्डरच्या पतपत्रावर बँक उधारीची सोय करते. त्याच काळात आपण तयार कपडे लघुउद्योगांसाठी राखीव ठेवले. हेतू चांगला होता, पण मोठे कारखाने उभेच राहिले नाहीत. आरक्षण उठायला २००० साल उजाडलं. २००५ ला जागतिक कोटा संपला, तेव्हा ते तयार होते, आपण नव्हतो.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर आपली किती माणसं राबतात, हे सांगायला नको. तिथे सप्टेंबर २०२५ पर्यंत कृत्रिम तंतूवर १८, धाग्यावर १२ आणि कापडावर ५ टक्के जीएसटी होता. कच्च्या मालावर जास्त कर, पक्क्यावर कमी! छोट्या मागवाल्याचं भांडवल त्यातच अडकायचं.

माझं म्हणणं एवढंच, की सरसकट माफी नको. जो कापूस कपडा होऊन परत देशाबाहेर जाणार, त्यालाच माफी द्या. तशी योजना आजही आहे, अॅडव्हान्स ऑथोरायझेशन नावाची. पण तिची कागदपत्रं सांभाळणं मोठ्यांनाच जमतं. ती वीस मशीनवाल्याला पेलेल इतकी सोपी करा. आणि मध्यम धाग्याच्या कापसाला जाहीर झालेला हमीभाव खरेदी केंद्रावर प्रत्यक्ष मिळू द्या.

पुढच्या वेळी आमदार-खासदार गावात आले की हमीभावाबरोबर हेही विचारा: आपल्या तालुक्यातून सरकी वेगळी करून रुई बाहेर जाते, मग शिलाईचं काम इथे का येत नाही?