तागाच्या शेतातील चिकाटी

कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1937 मध्ये बंगालच्या तागक्षेत्राचे नमुना सर्वेक्षण लहान प्रमाणावर आरंभिले. संपूर्ण प्रांत व्यापण्यास 1941 उजाडले. दरवर्षी पद्धत तपासून सुधारणारा असा प्रमुख पाठीशी असला, की चिखल तुडवीत शेतोशेत हिंडणाऱ्या गणकाचाही धीर टिकतो. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र नमुने घेण्याच्या त्यांच्या रीतीमुळे चूक लपविण्याऐवजी मोजता येऊ लागली. लहान तुकड्यांच्या कापणीने उतारा फुगतो, हा पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेपही मोलाचा. चिकाटीचा हट्ट होऊ नये म्हणून असा टीकाकारही हवा. आज ज्याच्या पीक कापणी प्रयोगावर शेतकऱ्याची विमा भरपाई ठरते, त्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून, प्रात्यक्षिक दुसऱ्याच हंगामात गुंडाळणारे वरिष्ठ कोणत्या आत्मविश्वासाची अपेक्षा करतात?