दिवे मंदावले म्हणून लगेच बॅटरी बदलू नका



ऊसतोड सुरू झाली की फलटण तालुक्यातले रात्रीचे रस्ते बदलतात. लोणंदकडे, बारामतीकडे जाताना पुढे अंधारात उसाची ट्रॉली चाललेली असते आणि तिला मागे लाल दिवा असेलच असे नाही. अशा वेळी आपल्या गाडीचे हेडलाईट लुकलुकू लागले, तर ती गोष्ट ‘बघू पुढच्या पगाराला’ म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

आपल्या घरांतली गाडी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हातची असते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. या गाड्या आता वयाने झाल्या आहेत. पण कोणाचा भाजीचा धंदा त्यांच्यावर चालतो, कोणाच्या घरातला आजारी माणूस मध्यरात्री त्यातूनच दवाखान्यात पोचतो. ६ डिसेंबरला दादरला जायलाही शेजारची चार माणसे त्यातच बसतात. म्हणून या वेळी सदरात हाच विषय घेत आहोत.

दिवे मंदावले की पहिला सल्ला येतो, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ चार हजारांच्या आसपास रुपये जातात, आठ दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा तेच. असे का होते? बॅटरी म्हणजे घरातला रांजण आणि अल्टरनेटर म्हणजे नळ. इंजिन चालू असताना दिव्यांना वीज अल्टरनेटर पुरवतो आणि उरलेली बॅटरीत भरतो. नळच बंद असेल तर नवा रांजण आणून काय उपयोग?

हिशेब करून पाहा. हेडलाईटचे दोन बल्ब मिळून साधारण १२० वॅट खातात, म्हणजे १० अँपिअर. त्यात मागचे दिवे आणि इंजिनचे इग्निशन धरा. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. चार्जिंग बंद पडले तर नवी, भरलेली बॅटरीसुद्धा दोन-अडीच तासांत बसते. जुनी त्याच्याही आधी. पुणे गाठायच्या आत दिवे मरतील.

आधी लक्षण ओळखा

एकच हेडलाईट लुकलुकत असेल तर बॅटरीकडे पाहूच नका. दोष त्या बल्बच्या होल्डरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगच्या वायरीत आहे. दोन्ही हेडलाईट लुकलुकतात, पण मीटरमधला आणि गाडीच्या आतला दिवा स्थिर आहे, तर हेडलाईटचा स्विच, रिले किंवा तिथला सैल जोड तपासा.

सगळेच दिवे एकदम थरथरत असतील तर दोष बॅटरी, अर्थिंग किंवा चार्जिंगमध्ये आहे. खड्ड्यात आपटल्यावर थरथरले, तर बहुधा बॅटरीचे टर्मिनल किंवा अर्थिंग सैल. गाडी उभी असताना मंद आणि रेस दिल्यावर उजळ झाले, तर चार्जिंग कमी पडते आहे. जुन्या फियाट, अ‍ॅम्बॅसिडर आणि जीपमध्ये अल्टरनेटरऐवजी डायनमो असे. तो मंद इंजिनवर चार्ज करतच नाही, तेव्हा तिथे थोडा फरक पडणारच. उलट रेस दिल्यावर दिवे फार प्रखर होत असतील, बल्ब वरचेवर उडत असतील आणि बॅटरीचे पाणी लवकर आटत असेल, तर रेग्युलेटर बिघडून चार्जिंग जास्त होते आहे.

किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला किंवा मिणमिणत राहिला तर चार्जिंगमध्ये दोष आहे. किल्लीवर तो मुळी लागतच नसेल तरी दुर्लक्ष करू नका. त्याचा बल्ब किंवा वायर गेली की काही गाड्यांत अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही.

मग बिनखर्चाची कामे

इंजिन बंद करा. बोटातली अंगठी, हातातल्या धातूच्या बांगड्या काढा. बॅटरीजवळ विडी-काडी नको. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. टर्मिनल हाताने हलते का पाहा. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर आधी मायनसची, मग प्लसची वायर काढा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडे करा, वायरी घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. मायनसची वायर जिथे बॉडीला आणि इंजिनला जोडली आहे, तो बोल्टही काढून गंज घासा. बॅटरीला पाणी घालायची झाकणे असतील तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचे पाणी तिला मारते.

फॅनबेल्ट अंगठ्याने मधोमध दाबा. साधारण अर्धा इंच दबावा. जास्त ढिला, चकचकीत झालेला किंवा चिरलेला बेल्ट घसरतो; दिवे लावताच किंचाळत असेल तर खूण पक्की. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, मफलर बेल्टपासून लांब ठेवा.

तीन आकडे

साधा डिजिटल मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. शाळेत विज्ञान शिकणारी आपली मुलगीही तो वाचू शकते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर घ्या. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. पण रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. आधी ती चार्ज करून पाहा.

दुसरा आकडा इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन, हेडलाईट लावून घ्या. १३.५ ते १४.५ आला तर चार्जिंग ठीक. १२.५ च्या आसपास अडकला किंवा उतरत गेला तर अल्टरनेटर देत नाही. पुष्कळदा आतले कार्बन झिजलेले असतात. तेवढे बदलून काम भागते, अख्खा अल्टरनेटर लागत नाही. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर पाहा.

तिसरा आकडा तसेच दिवे लावून घ्या. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.२ पेक्षा जास्त आला तर अर्थिंग खराब. एका वायरीचे काम, बॅटरीचे नव्हे.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी चालते का’ पाहण्याची जुनी रीत डायनमोच्या काळातली आहे. अल्टरनेटरच्या गाडीत तसे केले तर व्होल्टेजचा झटका बसून आतले डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात.

गॅरेजमध्ये गेलात तर संकोच करू नका. ‘दादा, आधी मीटर लावून आकडा दाखवा, मग काय बदलायचे ते ठरवू,’ असे सरळ म्हणा. चांगला कारागीर रागावणार नाही, आनंदाने दाखवेल. जो आकडा दाखवायला तयार नाही, त्याच्या हाती घामाचे चार हजार कशाला द्यायचे? १२.६, १४ आणि ०.२ हे तीन आकडे कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. आणि दोष सापडेपर्यंत रात्री गाडी बाहेर काढू नका.