शाळा पाहून घर घेणाऱ्यांना शाळा दिसू द्या

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे



ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत घर शोधणारे कुटुंब स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ आणि हप्ता किती हे विचारून झाले की पुढचा प्रश्न विचारते : जवळ शाळा कोणती? नौपाडा, टिळकनगर किंवा जुन्या कल्याणात या प्रश्नाची उत्तरे वर्षानुवर्षे ठरलेली होती. बेडेकर, सरस्वती, टिळकनगर विद्यामंदिर, सुभेदारवाडा ही नावे घेतली की पालकांचे समाधान होई. घोडबंदर रोड आणि कल्याण-शीळ रस्त्यालगत उठलेल्या वस्त्यांना असा इतिहास नाही. हिरानंदानी इस्टेट किंवा पलावासारख्या वसाहतींत तर घरांबरोबर शाळाही विकासकाच्याच समूहाने उभी केली. कुटुंब पंधरा-वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेते ते बरेचसे मुलांच्या शिक्षणाकडे पाहून, आणि ती शाळा शिकवते कशी हे कळायला त्याच्याकडे काहीही साधन नसते. हे साधन शासनाकडे आहे. आपल्या अखत्यारीतल्या आणि आपल्याशी संलग्न कार्यालयांत ते तुकड्यातुकड्यांनी पडून आहे. ते एकत्र करून प्रत्येक शाळेच्या नावानिशी लोकांसमोर ठेवावे, एवढ्यासाठीच हे पत्र.

आज पालक शाळा कशावरून जोखतात? पहिले माप दहावीचा निकाल. मे-जूनमध्ये शाळांच्या कुंपणांवर शंभर टक्क्यांचे फलक लागतात. पण २०२५ मध्ये राज्याचाच निकाल ९४.१० टक्के होता, त्याआधीच्या वर्षी ९५.८१ टक्के. राज्यातल्या सुमारे २३ हजार शाळांपैकी ७ हजारांहून अधिक शाळांचा निकाल २०२५ मध्ये शंभर टक्के लागला. तीन शाळांमागे जवळपास एक शाळा ज्या मापावर पैकीच्या पैकी गुण मिळवते, ते माप शाळाशाळांतला फरक दाखवू शकत नाही. शिवाय हा आकडा दहावीला बसलेल्यांचा असतो, बसू न दिलेल्यांचा नसतो. आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यावर कायद्याची मर्यादा असल्याने खरी चाळणी नववीत लागते. नववीत अडकलेल्या मुलाच्या हाती दाखला ठेवायचा आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायला सांगायचे, ही तक्रार शिक्षणक्षेत्रात कोणालाही नवी नाही. असे मूल शाळेच्या टक्केवारीतून नाहीसे होते आणि फलक शंभरावर राहतो. म्हणजे ज्या शाळेने कच्च्या मुलाला धरून ठेवले, दोन वर्षे त्याच्याशी झगडून त्याला पासापर्यंत आणले, तिचा निकाल ९३ दिसतो. जिने त्याला काढून टाकले तिचा १००. घर शोधणारा बाप दुसरी शाळा निवडतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याला दिसते तेवढ्यावरच तो निवडणार.

दुसरे माप हुशार मुलांचे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे, कारण आपल्या मध्यमवर्गाचा जीव तिथे गुंतलेला असतो. विशेष बुद्धिमत्तेच्या मुलांना हेरून त्यांच्यासाठी वेगळे काही करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापली आणि १९६९ पासून तिची प्रशाला बुद्धिमापन चाचण्यांवरून मुले निवडते. नवोदय विद्यालयाच्या पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, त्यामुळे शहरी मुलाला तो रस्ता अरुंद. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर झालेलीच नाही. आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. सहावी आणि नववीची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा खासगी संस्था घेते. उरते ती आपल्या परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा : दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर, भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०१६-१७ मध्ये ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा मागे आणण्याचा निर्णय झाला. वर्ग कोणताही असो, निकाल लागला की शाळा आपले शिष्यवृत्तीधारक मोजून सांगतात आणि तेवढ्यावरून परिसरात बोलले जाते की अमुक शाळेत हुशार मुले घडतात.

हा आकडा अपुरा आहे. बारा शिष्यवृत्तीधारक कितीतले? पाचवीत तीनशे मुले असताना फक्त अ तुकडीतल्या चाळिसांना बसवले, त्यांचे जादा तास घेतले आणि त्यातले बारा आले, ही एक गोष्ट. शंभराच्या पटातली नव्वद मुले बसवून बारा आले, ही अगदी वेगळी. पहिल्या शाळेने दोनशे साठ मुलांचा शोधच घेतला नाही. परीक्षेला कोण बसणार हे शिक्षकाचा अंदाज, पालकांची धावपळ आणि क्लासची फी यांनी ठरत असेल, तर परीक्षा बुद्धिमत्तेइतकीच घरच्या परिस्थितीचीही होते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड जिल्ह्याचा अनुभव इथे उपयोगी पडेल. तिथे शिक्षक-पालकांनी नावे सुचवायची आणि त्यांचीच चाचणी घ्यायची, अशी रीत होती. २००५ पासून दुसरीतल्या प्रत्येक मुलाची भाषेवर न बेतलेली प्राथमिक चाचणी सुरू झाली आणि गरीब, कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांची निवड लक्षणीय वाढली. पुढे पैशांच्या तंगीमुळे ती सरसकट चाचणी आखडती घेतली तेव्हा ती वाढही ओसरली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांचे हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले तीच होती, शोधण्याची पद्धत बदलली होती. दिव्यातल्या किंवा मुंब्र्यातल्या पालिका शाळेत हुशार मूल नसते असे नाही. त्याचा फॉर्म भरणारे कोणी असतेच असे नाही. म्हणून शाळेचा पट किती, परीक्षेला बसले किती आणि पात्र ठरले किती, हे तिन्ही आकडे एकत्र छापले गेले पाहिजेत.

पालकांना योग्य आकडे दिले तरी ते शेवटी ‘चांगल्या घरची मुले’ जातात तिथेच जाणार, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. बॉस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दीच्या अल्याड-पल्याडची घरे ताडून सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये दाखवले की शाळेचे परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात. न्यूयॉर्कमधल्या शाळाप्रवेशांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की पालक सोबतच्या मुलांची गुणवत्ता पाहून शाळा निवडतात आणि शाळा स्वतः मुलात किती भर घालते याला त्यांच्या निवडीत वेगळे वजन मिळत नाही. पण यावरून पालकांना कळत नाही असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. सोबतची मुले प्रवेशाच्या रांगेत डोळ्यांना दिसतात. शाळेने घातलेली भर कुठेच दिसत नाही. आपल्याकडे तर अमेरिकेसारखे पत्त्यावरून शाळेवर हक्क मिळण्याचेही नाही. महागडे घर घेऊन पालकाला मिळते ते शाळेच्या बसचे कमी अंतर आणि शेजारच्या सोसायटीतल्या मुलांची सोबत. शिक्षण म्हणून त्याने जे विकत घेतले, त्यातला शिकवण्याचा भाग किती, हे त्याला कोणीच सांगितलेले नाही.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक आहे आणि त्यावर पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती आजही पाहता येते. शिक्षणाबद्दल मात्र त्यात काही सापडत नाही. सरल प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद आहे, म्हणजे आठवीत असलेली मुले दोन वर्षांनी त्याच शाळेतून दहावीला बसली का, हे शोधता येते. मंडळाकडे दहावीचे गुण आहेत, परीक्षा परिषदेकडे शिष्यवृत्तीचे. शासकीय आणि अनुदानित शाळांत २०२३-२४ पासून तिसरीपासूनच्या वर्गांच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात, त्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्राकडे जातात. मूल कुठून निघाले आणि कुठवर पोचले, हे मोजायला लागणारा कच्चा माल जमलेला आहे. बाहेरून होणारी पाहणी शहरांना उपयोगी पडत नाही : ‘असर’ ग्रामीण भागापुरती, आणि डिसेंबर २०२४ चे परख सर्वेक्षण जिल्ह्यापाशी थांबते. शहापूरच्या आदिवासी पाड्यापासून नौपाड्यापर्यंत आणि मुरबाडपासून मीरा-भाईंदरपर्यंत पसरलेल्या ठाणे जिल्ह्याच्या एका सरासरीवरून कोणत्या पालकाला काय कळणार?

घराच्या बाबतीत शासनाने हा प्रश्न सोडवून दाखवला आहे. १ मे २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर आराखडा, ताबा देण्याची तारीख, न्यायालयीन वाद सगळे विकासकाला टाकावे लागते. चटई क्षेत्राचा चौरस फूटही लपवता येत नाही. त्याच इमारतीच्या बाजूच्या शाळेत आठवीनंतर किती मुले गळाली हे मात्र कोणालाही कळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांनी मूलभूत माहिती स्वतःहून जाहीर करावी असे म्हटले आहे. म्हणजे धोरणही आडवे येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप क्रमवारीचा. आकडे आले की वर्तमानपत्रे पहिल्या दहा शाळांच्या याद्या छापतील आणि तळच्या शाळांवर शिक्का बसेल. इंग्लंडने १९९२ मध्ये शाळांचे तक्ते प्रसिद्ध करायला सुरुवात केली तेव्हा नेमके हेच झाले. शाळा काठावरच्या मुलांवरच मेहनत घेऊ लागल्या. पण तिथला धडा इथे संपत नाही. २०१६ पासून त्यांनी मुख्य माप बदलले आणि अकराव्या वर्षी असलेल्या पातळीपासून सोळाव्या वर्षापर्यंत मुलाने किती मजल मारली हे मोजायला घेतले. शेजारच्या वेल्सने तर २००१ मध्ये तक्ते बंदच केले होते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांना त्यानंतर इंग्लंडच्या तुलनेत वेल्सच्या शाळांची कामगिरी घसरलेली आढळली, आणि घसरण झाली ती वरच्या पाव शाळा सोडून उरलेल्यांत. माहिती झाकल्याचा तोटा दुबळ्या शाळांतल्या मुलांना झाला. इंग्लंडमध्ये नव्या मापानंतरही नकोशी मुले पटावरून उतरवण्याचे प्रकार घडले, म्हणूनच टिकून राहिलेल्या मुलांचा आकडा प्रगतीच्या आकड्याला जोडून छापावा असा माझा आग्रह आहे. एकटा कोणताही आकडा फसवतो.

बाकीचे आक्षेप लवकर आटोपतात. लहान शाळेत दोन-चार मुलांनी टक्केवारी हलते, म्हणून तीन वर्षांची सरासरी घ्यावी. संकलित चाचण्या शाळेतलेच शिक्षक तपासतात, गुण फुगतील, ही भीती रास्त आहे. काही शाळांच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या केंद्राकडून फेरतपासून घेता येतील. एकाही मुलाचे नाव कुठे येण्याची गरज नाही. सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळा राज्याच्या चाचण्यांत नाहीत, पण गळती, शिक्षकांची पदे आणि शिक्षणहक्क कायद्याखाली (आरटीई) भरलेल्या जागा त्यांच्याही छापता येतात. आणि पालिका शाळांची बदनामी होईल म्हणणाऱ्यांना मी उलट विचारीन : आज त्यांची बदनामी कोणत्या पुराव्यावर चालू आहे? ज्या पालिका शाळा मुलांना खरोखर पुढे नेतात, त्यांना ते सिद्ध करण्याची संधीच मिळालेली नाही. अशा शाळा उजेडात आल्या तर स्वस्त वस्तीत घर घेणाऱ्यालाही दिलासा मिळेल आणि चार नावाजलेल्या शाळांच्या भोवतीच भाव चढत राहणार नाहीत.

परिसर या कल्पनेला कायद्याचाही आधार आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे, असे शासनाचे म्हणणे होते. ती पुरेशी आहे की नाही हे ठरवणारे आकडे तेव्हाही लोकांसमोर नव्हते. दिव्यात भाड्याने राहणाऱ्या आईला आज ठाणे महापालिकेच्या यादीवरून कोणती शाळा अनधिकृत आहे एवढे कळू शकते. अधिकृत शाळांतली कोणती चांगली, हे तिला कोण सांगणार?

आपल्याला एकदम सारे राज्य हाती घ्यावे लागणार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांच्या हद्दीतल्या शाळांपासून सुरुवात करा. प्रत्येक यू-डायस क्रमांकाखाली मराठीत एक पान असावे : आठवीचा पट आणि त्यातून दोन वर्षांनी दहावीला बसलेली मुले, १७ नंबरच्या फॉर्मवर गेलेली मुले, तिसरी ते आठवी चाचण्यांतली तीन वर्षांची प्रगती, शिष्यवृत्तीला बसलेले आणि पात्र ठरलेले पटाच्या प्रमाणात, शिक्षकांची मंजूर आणि भरलेली पदे, आरटीईच्या जागा. तसेच या दोन शहरांतल्या सर्व माध्यमांच्या, सर्व पालिका आणि अनुदानित शाळांतल्या प्रत्येक मुलाला शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा; फॉर्मचे शुल्क महापालिकांनी भरावे. पुढच्या वर्षीच्या शाळाप्रवेशांचे अर्ज सुटण्यापूर्वी ही पाने लोकांना पाहता येतील अशा बेताने आपण आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
ठाणे जिल्ह्यातील एक नागरिक